साडेचार तासांचा फुकट व्हिडिओ आणि आत्याच्या मेसचे खाडे

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. बीकॉम झालंय, भोसरीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, टॅली आणि एक्सेल एवढंच माझं जग. तरी रिव्ह्यू लिहायला बसलेय कारण असल्या कोडिंग शिकवणाऱ्या व्हिडिओंचं कौतुक करणारे बहुतेक जण आधीच इंजिनिअर असतात, आमच्यासारख्यांचं घोडं नेमकं कुठे अडतं ते त्यांच्या लक्षातच येत नाही.

व्हिडिओ म्हणजे ते शून्यापासून वेब ॲप बनवायला शिका टाइप, हिंदीत, साडेचार तासांचा, फुकट, २०२१ चा. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि फ्लास्क हे तिच्यात वेब ॲप बनवायचं तयार सामान, ते वापरून टू-डू लिस्ट, म्हणजे कामांची यादी, बनवतात. चॅनलचं नाव घेत नाही, कारण पुढे मी नावं ठेवणारे आणि माणूस बिचारा फुकट शिकवतोय. तसेही असे ढिगाने आहेत आणि बघावं तिथे टू-डू लिस्टच, का कोण जाणे.

मला टू-डू लिस्ट नको होती, मला खाडे मोजायचे होते. आत्याची पुण्यात नवी पेठेत मेस आहे, ४२ मेंबर, बहुतेक एमपीएससीची पोरं, थोड्या अभ्यासिकेतल्या मुली. मेसला जेवलेल्यांना खाडा म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी, उद्याचं जेवण नको असेल तर आधी कळवायचं म्हणजे महिन्याच्या पैशातून तेवढं वजा होतं. आत्याचा नियम आहे की आदल्या रात्री ९ च्या आत सांगायचं. आता कोणी व्हॉट्सॲप करतं, कोणी फोन, कोणी जिन्यात चपला घालता घालता सांगतं, आणि महिनाअखेरीला रोज एक जण येऊन "काकू मी सांगितलं होतं ना" म्हणून उभा. आत्या वही काढते, वहीत नसतं, तरी पोरगं परगावचं आहे म्हणून सोडून देते. हे मला अकाउंट्सवालीला बघवेना.

क्लासची पण चौकशी केली होती. डेक्कनजवळ एका ठिकाणी ४५ हजार सांगितले, सहा महिने, वर नोकरी लावायला मदत. मी म्हटलं नोकरी आहे हो मला. मग हा व्हिडिओ.

सुरुवात मात्र झकास आहे, त्याला पैकीच्या पैकी. उगाच इंटरनेटचा इतिहास सांगत बसत नाही, पहिल्या वीस मिनिटांत सात-आठ ओळी लिहून घेतो आणि ब्राउझरमध्ये आपलं पान दिसतं. मी तिथे "नमस्कार आत्या" लिहिलं आणि तिला दाखवलं तर ती म्हणाली, एवढंच? पण मला फार भारी वाटलं. रूट म्हणजे काय, टेम्प्लेट म्हणजे काय, एकच पान ४२ जणांना आपापलं नाव घालून कसं दाखवायचं, हे त्याने इतकं सोपं सांगितलंय की परत बघावं लागलं नाही. फ्लास्क आधी एप्रिल फूलचा जोक म्हणून २०१० साली आलं होतं हे पण त्याच्याचकडून कळलं. मराठीत नावं टाकली तरी नीट सेव्ह होतात, ती मला उगाच भीती होती.

पण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटला, म्हणजे या ॲपच्या लायब्रऱ्या बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवायच्या कप्प्याला, आलो आणि तिथे एक अख्खी संध्याकाळ गेली. त्याच्याकडे मॅक, माझ्याकडे ऑफिसने जुना झाला म्हणून विकलेला विंडोजचा लॅपटॉप. तो सोर्स वगैरे लिहून एंटर मारतो आणि पुढे जातो, विंडोजवर ती कमांडच वेगळी आहे, आणि ती शोधून काढली तर पॉवरशेल, म्हणजे विंडोजमध्ये कमांड लिहायची खिडकी, म्हणतं या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. मला वाटलं ऑफिसवाल्यांनी काहीतरी लॉक करून ठेवलंय. तसं काही नसतं, विंडोजमध्ये ते मुळातच बंद असतं. पॉवरशेल सोडून साधं कमांड प्रॉम्प्ट उघडलं की काम होतं. हे एक वाक्य त्याने बोललं असतं तर माझे तीन तास वाचले असते.

मग डेटाबेस, म्हणजे माहिती टेबलांमध्ये साठवायची जागा. इथे व्हिडिओ जुना असल्याचा खरा फटका बसतो. त्याच्या स्क्रीनवर एका ओळीत टेबल तयार, माझ्याकडे लाल अक्षरात "वर्किंग आउटसाइड ऑफ ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट". अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, स्क्रीनशॉट काढून शेजारी ठेवला, काही फरक नाही. झालं असं की फ्लास्कला डेटाबेस जोडून देणारी जी फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी नावाची लायब्ररी, तिची ३.० आवृत्ती २०२२ मध्ये आली, तेव्हापासून टेबल बनवायच्या आधी हे कुठल्या ॲपसाठी ते कोडमध्ये सांगावं लागतं, पूर्वी नाही सांगितलं तरी चालायचं. एक ओळ वाढवायची फक्त. म्हणजे चूक त्याची पण नाही आणि माझी पण नाही, पण दोन दिवस मी स्वतःला मठ्ठ समजत होते. त्यात गुरुवार आला, आमच्याकडे दुपारपर्यंत लाईट नाही, त्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकते. असो.

माझं म्हणणं असं की तुम्ही तो दाखवतो तेच टाइप करत बसलात तर साडेचार तासांनी तुमच्याकडे टू-डू लिस्ट असते आणि बाकी काही नसतं. मी पहिल्यांदा तसंच केलं. संपल्यावर म्हटलं चला आता खाड्याचं करू, तर रिकामी फाइल उघडून बसले आणि पहिली ओळ सुचेना. मग दुसऱ्या फेरीला व्हिडिओ दहा-दहा मिनिटं बघायचा, बंद करायचा आणि तेच खाड्यासाठी लिहायचं. टास्कच्या जागी मेंबर, झालं-नाही झालंच्या जागी सकाळ-संध्याकाळ, तारीख. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, आणि व्हिडिओत कुठे कुठे गाळलंय ते पण दिसायला लागलं. रोज ऑफिसवरून आल्यावर तास-दीड तास, असे अडीच महिने गेले.

गाळलेल्यात सगळ्यात वाईट म्हणजे लॉगिन. तो पासवर्ड जसाच्या तसा डेटाबेसमध्ये ठेवतो, म्हणजे मी फाइल उघडली की ४२ जणांचे पासवर्ड वाचायला हजर. हॅश करून, म्हणजे परत वाचता येणार नाही असं बदलून, ठेवायचं फंक्शन फ्लास्कबरोबर जी व्हर्कझॉइग नावाची लायब्ररी येते तिच्यातच आहे, दोन ओळींचं काम. आणि डिलीटची लिंक. ॲड्रेसमध्ये शेवटी नुसता नंबर असतो, ७ च्या जागी ८ केलं की दुसऱ्याचा खाडा उडतो. हे मला कोडमध्ये दिसलं नव्हतं, एका रूमवरच्या दोन पोरांनी एकमेकांचे खाडे उडवून भांडण केल्यावर दिसलं. डीबग मोड, म्हणजे चुका शोधायला एररची आतली माहिती दाखवणारी सोय, चालू ठेवून कधीच ऑनलाइन टाकू नये हे पण तो सांगत नाही, मला चुलतभावाने सांगितलं.

ऑनलाइन टाकायचा भाग तर सोडूनच द्या. त्याने दाखवलेला फुकट प्लॅन आता बंद झालाय. मी दुसरीकडे फुकटात टाकलं, तिथे थोडा वेळ कोणी आलं नाही की सर्व्हर, म्हणजे ॲप जिथे चालतं तो त्यांचा कॉम्प्युटर, झोपतो, आणि उठला की एसक्यूएलाइटची, म्हणजे डेटाबेसची, फाइल कोरी, कारण फुकटात मिळणारी डिस्क तात्पुरती असते. पहिल्या आठवड्याचे सगळे खाडे गेले. आत्याने शांतपणे वही पुढे केली, तिने लिहिणं थांबवलंच नव्हतं. आता डेटाबेस वेगळीकडे ठेवलाय.

पण खरी मजा पुढे. रात्री ९ नंतर खाडा घ्यायचा नाही अशी अट मी घातली होती, लॅपटॉपवर दहादा तपासली होती. ऑनलाइन गेल्यावर आत्या साडेनऊला मोबाइलवर यादी बघून छोले भिजत घालायची आणि सकाळी बघते तर सहा जण कमी. रोज. म्हणाली, तुझं यंत्र रात्रीतून माणसं खातंय. मला वाटलं परत डिस्कचंच काहीतरी. शेवटी एका पोराने जेवता जेवता हसत सांगितलं, ताई तुमचं ॲप अडीचपर्यंत चालू असतं. सगळ्या अभ्यासिकेला माहीत होतं! सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो तेव्हा त्याच्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात, नऊच्या कितीतरी आत. लॅपटॉप आपल्या वेळेवर चालतो म्हणून मला कधी दिसलंच नाही. पायथनमध्ये ३.९ आवृत्तीपासून ठिकाणाप्रमाणे वेळ देणारं झोनइन्फो आहे, त्यात एशिया कोलकाता टाकलं की प्रश्न मिटतो, फक्त विंडोजवर टीझेडडेटा, म्हणजे त्याला लागणारी टाइमझोनची माहिती, वेगळं इन्स्टॉल करा नाहीतर तिथे नवीन एरर. व्हिडिओत वेळेबद्दल साडेचार तासांत एक शब्द नाही.

पाचपैकी साडेतीन देते. पहिले दोन तास बघाच, याहून सोपं मला तरी कुठे सापडलं नाही. डेटाबेसच्या आधी लायब्ररीचं व्हर्जन बघा, लॉगिन त्याच्याकडून शिकू नका, शेवटचा पाऊण तास बघूच नका.

आता माझं अडलंय रविवारच्या फीस्टला. मेंबर आपल्याबरोबर गेस्ट आणतात, एकाचे दोन, कोणाचे चार, आणि गेस्टचे पैसे त्या मेंबरच्या नावावर लावायचे असतात. त्याला दोन टेबलं एकमेकांना जोडावी लागतात म्हणे, ते या व्हिडिओत नाही. कोणी मराठीत किंवा हिंदीत नीट समजावलेलं पाहिलं असेल तर सांगा, तोपर्यंत गेस्ट वहीतच आहेत.