खिशातला इंग्रजी-मराठी शब्दकोश : ‘जिन’ या एका शब्दापाशी अडलेला

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शाळेसाठी जूनअखेरीस तालुक्याच्या दुकानातून एका प्रकाशनाचे खिशात मावणारे बारा इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतले. छपाई ठसठशीत आहे, बांधणी मजबूत आहे आणि प्रत्येक शब्दाचा उच्चार देवनागरीत दिला असल्यामुळे सहावीची मुले कोणाच्या मदतीशिवाय शब्द शोधू लागली, हे मोकळ्या मनाने सांगतो.

एका शब्दाला अनेक अर्थ असले की मात्र हा कोश कमी पडतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या शाळेसमोरून जाऊ लागल्या, तेव्हा सहावीतल्या एका मुलीने ‘जिन’ हा शब्द काढला. त्यापुढे एवढेच छापले होते : ‘एक प्रकारची दारू’. त्या ओळीवर बोट तसेच ठेवून तिने विचारले, “सर, माहे बाबा तं जिनात कामाले जातेत, मंग हे काय लिवलं?” वडिलांच्या कष्टाच्या कामाविषयी छापील पुस्तकाने लेकराच्या मनात शंका आणावी, याचे मला फार वाईट वाटले.

वास्तविक हे दोन निरनिराळे शब्द आहेत. केवळ त्यांचे रूप एक झाले आहे. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राचे ‘जिन’ हे ‘एंजिन’चे आखूड रूप असून, एली व्हिटनीने १७९३ साली अमेरिकेत बनवलेले यंत्र याच नावाने प्रसिद्ध झाले. सापळा हा जुना अर्थही त्याच मुळातला आहे. दारूचे ‘जिन’ मात्र ज्युनिपर या झुडपाच्या फळांवरून पडलेल्या ‘जेनेव्हर’ या डच नावावरून आले आणि त्याचा यंत्राशी काहीही संबंध नाही. म्हणून कोशात या दोन नोंदी स्वतंत्र हव्या होत्या, आणि आमच्या भागासाठी विकल्या जाणाऱ्या पुस्तकात तर यंत्राची नोंद आधी यायला हवी होती. ‘जिनिंग’ हा शब्द तर कोशात नाहीच. ‘स्टेपल’पुढेही कागद टाचायची पिन तेवढीच आहे, रोजच्या जेवणातले मुख्य अन्न आणि कापसाच्या धाग्याची लांबी हे दोन्ही अर्थ गाळले आहेत.

पाठ्यपुस्तकातले धडे वाचण्यापुरता हा कोश जरूर घ्यावा, परंतु कापूसपट्ट्यातल्या शिक्षकांनी शेतीचे शब्द स्वतः तपासूनच तो मुलांच्या हाती द्यावा. बाराही प्रतींत ‘सरकी काढण्याचे यंत्र’ हा अर्थ समासात पेन्सिलने लिहून घेतला आहे, आणि गाळलेल्या अर्थांची यादी प्रकाशकांना टपालाने पाठवली आहे.