पीआयआर मोशन सेन्सर : हिवाळ्यात उत्तम, नागपूरच्या मे महिन्यात आंधळा

दिवाळीत पॅसेज, जिना आणि बाथरूममध्ये पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सरचे, म्हणजे माणसाच्या अंगाची उष्णता टिपून आपोआप लागणारे दिवे बसवले. हिवाळाभर मी ओळखीतल्या प्रत्येकाला "घ्याच" म्हणून सांगत होतो. ते मत आता बदललंय, आणि कारण एकच : उन्हाळा.

पॅसेजमधला सेन्सर आईसाठी होता. ती रात्री उठते, तिला अंधारात बटण चाचपडावं लागू नये एवढाच हेतू. जानेवारीत ती दाराबाहेर पाऊल टाकायची आणि दिवा लागायचा. एप्रिल सरता सरता ती अर्धा पॅसेज ओलांडून गेली तरी अंधारच. मे महिन्यात तर सेन्सरपुढे हात हलवावा लागे. सर्व्हिसवाल्याने आधी लेन्सवरची धूळ पुसली, मग "पीस खराब आहे" म्हणत बदलून दिला. नवाही तसाच वागला. पुन्हा बोलावलं तर व्हिजिट चार्ज मागितला. मी दिला नाही. पीस खराब नव्हताच. तो आमच्या पॅसेजच्या कामाचा नव्हता, आणि हे विकतानाच सांगायला हवं होतं.

पीआयआरला कळतो तो उष्णतेतला फरक. अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानात तफावत असेल, तरच त्याला माणूस दिसतो. त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर ४५ अंशांत तापलेला स्लॅब मध्यरात्रीही गरम असतो आणि कूलरची हवा पॅसेजपर्यंत पोचत नाही. भिंत अंगाइतकीच तापलेली, मग सेन्सरने ओळखायचं कशावरून? डबीवर ८ मीटर रेंज छापलीय. किती तापमानाला, ते कुठेच नाही. याचा मला आजही संताप येतो.

त्यात वायरमनने तो संडासाच्या दारावर, पॅसेजकडे तोंड करून लावला होता. पीआयआर आडव्या जाणाऱ्या माणसाला पटकन टिपतो, सरळ समोरून येणाऱ्याला उशिरा. बाजूच्या भिंतीवर हलवल्यावर थोडा फरक पडला, पण मे महिन्यापुढे तोही पुरला नाही.

शेवटी पॅसेजला मायक्रोवेव्हवाला सेन्सर घेतला. तो ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि आपटून परत येणाऱ्या लहरींवरून हालचाल ओळखतो, उकाड्याशी त्याला देणंघेणं नाही. पण त्या लहरी लाकडी दारातून आरपार जातात, त्यामुळे सुरुवातीला खोलीतला पंखा फिरला तरी पॅसेज उजळायचा. रेंजचा स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत कमी केला, तेव्हा शांत झाला. आता आई दार उघडते आणि उजेड पडतो, भर उन्हाळ्यातसुद्धा.

बाथरूमचा मात्र काढून टाकला. डोक्याला साबण लावून माणूस क्षणभर स्थिर बसला की दिवा गुल. टायमर वाढवला, तर माणूस बाहेर पडल्यावरही दिवा तेवढाच वेळ जळत राहतो. तिथे साधं बटणच बरं. जिन्यावर पीआयआरच ठेवलाय. तिथे मोकळी हवा खेळते, तक्रार नाही.

वीज वाचेल म्हणून घेणाऱ्यांनी हिशोब करावा. ९ वॉटचा एलईडी रोज १० तास जळला तर महिन्याला २.७ युनिट. सेन्सर स्वतः चोवीस तास अर्धा वॉट खात असेल तर त्यातले ०.३६ युनिट गेले. एवढ्याशा बचतीतून सेन्सरची किंमत निघायला बराच काळ लागतो. घरात म्हातारं माणूस असेल तर जरूर घ्या. पण अकोला, चंद्रपूर, जळगावकडे स्लॅबखाली राहत असाल तर पॅसेजसाठी पीआयआर घेऊ नका, आणि मायक्रोवेव्ह घेताना रेंज कमी करायचा स्क्रू आहे का, ते दुकानातच डबी उघडून बघा.