शेततळ्याभोवती झटका की जाळी?
यावल-रावेरकडे सातपुड्यातून उतरणारी रानडुकरं मका, केळी उकरतातच. पाण्यासाठी शेततळ्यावर आली की खुरांनी तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागदही फाटतो. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र) स्वस्त पडतं, सोलरवर चालतं, क्षणभराच्या झटक्याने जनावर मरत नाही. (घरची लाईन थेट तारेत सोडणं वेगळं, तो गुन्हा आहे, माणसंही मेलीत त्यात.) पण खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी, नाहीतर डुक्कर खालून घुसतं. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटक्याचा जोर उतरतो, म्हणजे बांधावर रोज चक्कर आलीच. जाळी महाग, निगा कमी. फक्त खालची कड मातीत गाडा, नाकाडाने उचलतात ती. मोठ्या शिवाराला झटका ठीक. शेततळ्याला मात्र मी जाळीच म्हणेन, पोरं-ढोरंही आत पडत नाहीत.