तीन गिटार, चार ऋतू

अ‍ॅमस्टरडॅम गिटार ट्रिओने वाजवलेले इटालियन संगीतकार विवाल्दीचे ‘फोर सीझन्स’ (चार ऋतूंवरच्या चार रचना) महिनाभर रोज रात्री ऐकतोय. १७२५ साली छापलेलं हे संगीत मुळात व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी. इथे फक्त तीन गिटार.

आधी ‘हिवाळ्या’तला मधला संथ भाग लावा. मूळ रचनेतही साथीची व्हायोलिनं तिथे गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, बाहेरचा पाऊस दाखवायला. गिटारवर तो पाऊस अगदी घरी आल्यासारखा वाटतो. पागोळीचा थेंब न् थेंब सुटा ऐकू येतो. आजोळच्या कौलारू पडवीत बसल्याचा भास होतो मला! गजाने लांबवलेला सूर मात्र गिटारवर टिकत नाही, ‘उन्हाळ्या’च्या सुरुवातीची ती मरगळ थोडी उणी पडते. तरी जरूर ऐका, शक्यतो हेडफोन लावून.