‘सेलेस्ट’चा असिस्ट मोड: कोणतं बटण कधी दाबायचं

अवघड गेमला सोपा मोड असावा का, यावर भांडणारे दोन्हीकडचे लोक एक गोष्ट धरूनच चालतात. अवघडपणा म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर, पाचवरून दोनवर आणला की झालं. ‘सेलेस्ट’ नीट खेळून पाहिला की कळतं, बोर्डावर पाच-सहा बटणं आहेत आणि प्रत्येकाची वायर वेगळीकडे जाते. म्हणून इथं गेमबद्दल थोडं आणि त्याच्या असिस्ट मोडबद्दल, म्हणजे गेम हवा तेवढा सोपा करून घ्यायच्या सोयीबद्दल, जास्त.

मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या छोट्या टीमने हा गेम जानेवारी २०१८ मध्ये आणला. मॅडलिन नावाची मुलगी सेलेस्ट नावाचा डोंगर चढते, एवढीच गोष्ट. वाटेत तिची स्वतःचीच घाबरट, टोचून बोलणारी बाजू वेगळी होऊन तिच्या मागे लागते. हाताला कामं तीनच: उडी, भिंत धरणं आणि डॅश, म्हणजे हवेतल्या हवेत आठपैकी एका दिशेला घेतलेली झेप. डॅश एकदा वापरला की पाय जमिनीला लागेपर्यंत किंवा हिरवा स्फटिक मिळेपर्यंत परत मिळत नाही. मॅडलिनचे केस लाल असले तर डॅश शिल्लक, निळे झाले तर संपला. हा रंग डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायची सवय लागली की निम्मा गेम हातात आला.

अवघडपणाची जात कशी आहे ते बघा. कठड्याच्या टोकावरून उडी. उडी शेंड्याला पोचली की तिरपा डॅश, केस निळे. समोरची भिंत धरायची, वर सरकायचं, तोच भिंतीचा वरचा अर्धा भाग काट्यांनी भरलेला. तिथून मागे उडी मारून हवेतला स्फटिक गाठायचा, केस परत लाल, मग दुसरा डॅश. सगळा मामला चार-पाच सेकंदांचा. चुकलं की मॅडलिन फुटते आणि सेकंदभरात त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला उभी राहते. शंभर वेळा मेलात तरी दर वेळी बुडतात ते हेच चार-पाच सेकंद. मागचं काही हिसकावून घेतलं जात नाही, म्हणून चिडचिड झाली तरी माणूस बेजार होत नाही.

आता थोडं आतलं. कठड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) या हिशेबाने ६ फ्रेम, उडीचं बटण चालतं. पाय टेकायच्या क्षणभर आधी बटण दाबलं तरी गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकताच उडी देतो. वर उडताना डोकं कोपऱ्याला घासलं तर मॅडलिनला चार पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून वाट करून देतो. हे सगळं असिस्ट मोड बंद असताना, सगळ्यांसाठी. ‘खरा अवघड गेम’ म्हणून ज्याची शपथ घ्यायची, त्याच्या पोटातच खेळणाऱ्याला झुकतं माप आहे. सहा फ्रेम हा आकडा बनवणाऱ्यांनी ठरवला. तो सगळ्यांच्या हाताला तसाच बसेल, असं थोडंच आहे?

असिस्ट मोडला हात लावण्याआधी मात्र घरातली यंत्रं तपासा. आपल्याकडे, नांदेड असो की परभणी, लॅपटॉपला एचडीएमआय लावून हॉलमधल्या टीव्हीवर खेळायची पद्धत आहे, आणि इथंच पहिला घोळ होतो. टीव्ही चित्र ‘सुधारून’ दाखवतो, त्या सुधारण्यात वेळ जातो. कित्येक टीव्हींवर हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत जातो, म्हणजे गेमने दिलेली सवलत टीव्हीनेच खाल्ली. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. ते नसेल तर लॅपटॉपच्याच स्क्रीनवर खेळा, छोटी असली तरी.

दुसरा घोळ कीबोर्डचा. मूळ बटणं अशी: बाण दिशेला, सी उडीला, एक्स डॅशला, झेड पकडायला. साध्या कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं नोंदलंच जात नाही. तपासायचं असं: वरचा आणि उजवा बाण दाबून धरा, झेडही धरा, आणि एक्स मारा. झेप तिरपी न जाता सरळ वर किंवा आडवी गेली, किंवा गेलीच नाही, तर दोष तुमच्या बोटांचा नाही. ऑप्शन्समधल्या कीबोर्ड कॉन्फिगमध्ये पकडायचं बटण शिफ्टवर टाकून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. कंट्रोलर घेणार असाल तर वायरचा घ्या. स्वस्तातल्या ब्लूटूथचा उशीर अशा गेममध्ये लगेच जाणवतो.

एवढं करूनही जमत नसेल तर असिस्ट मोड. तो सेव्ह फाइल निवडायच्या पानावर चालू करायचा. मग खेळताना पॉज केलं की त्याची वेगळी यादी येते. तिच्यातलं एकेक बटण कोणत्या दुखण्यावर लागू पडतं, ते महत्त्वाचं.

सगळ्यात कामाचा आहे गेमचा वेग: १०० टक्क्यांवरून दहा-दहाने ५० पर्यंत उतरतो. वाट कळली आहे, क्रम पाठ आहे, पण हात दर वेळी त्याच काट्यावर उशिरा पोचतो, तर हेच बटण. ८० टक्क्यांवर ती दहाव्या भागाची सवलत ०.१२५ सेकंद होते, ५० वर ०.२. अंतर तेच, काटे तेच, क्रम तोच, फक्त विचार करायला थोडी जागा मिळते. तिसऱ्या अध्यायात हॉटेलचा मालक भुतासारखा अंगावर धावून येतो, तिथं ८० वर पाठलाग पाठलागच राहतो आणि जीवही मुठीत येत नाही. एकदम ५० वर मात्र उतरू नका. हाताला त्या वेगाची सवय लागते आणि परत १०० वर आलं की सगळं पहिल्यापासून. ९०, मग ८०. त्याखाली गरज पडली तर आधी टीव्हीचं सेटिंग पुन्हा बघा.

भिंतीला लटकून विचार करता करता मॅडलिन लाल चमकू लागते आणि घसरते, हे सारखं होत असेल तर अमर्याद दम. याने गेमचं फारसं बिघडत नाही, कारण बहुतेक स्क्रीन दमापेक्षा डॅशवर बांधलेल्या आहेत. झेप चुकीच्या दिशेला जाते, तर डॅश असिस्ट: बटण दाबताच खेळ गोठतो, बाण दिसतो, दिशा ठरवून सोडायचं. ज्यांची बोटं झटपट चालत नाहीत, मग ते वयाने असो की दुखण्याने, त्यांच्यासाठी यादीतलं सगळ्यात माणुसकीचं बटण हेच.

हवेत दोन किंवा अमर्याद डॅश, याबद्दल मत थोडं कडक आहे. स्क्रीन एका डॅशच्या हिशेबाने कोड्यासारखी रचलेली असते. दुसरा मिळाला की कोडं सुटत नाही, नाहीसंच होतं. शिवाय गोष्टीत पुढे एका फार मोक्याच्या जागी मॅडलिनला दुसरा डॅश आपसूक मिळतो, केस गुलाबी होतात, आणि इतका वेळ मेल्याचं सार्थक होतं. तो क्षण आधीच खर्चून टाकू नका. अभेद्यपणा चालू केला तर काटे लागत नाहीत आणि खड्ड्यात पडलं तरी उसळून वर येतं. फक्त गोष्ट बघायची असेल तर खुशाल. संवादाला खरा मानवी आवाज नाही, मजकूर आपल्या गतीने वाचायचा. इंग्रजी सोपी आहे, मात्र मराठी-हिंदी नाही.

आणि वाटच कळत नसेल तर कुठलंच बटण नको. कठड्यावर उभं राहून स्क्रीन वाचा. बहुतेक ठिकाणी तुम्ही हलेपर्यंत काहीही अंगावर येत नाही.

वाटेत स्ट्रॉबेऱ्या दिसतील, एकूण १७५. त्यांनी ताकद वाढत नाही, पुढचं दारही उघडत नाही. नवख्यांची अर्धी दमछाक यांच्यापायी होते. पहिल्या फेरीत सोडून द्या.

मोडमध्ये खोट काय? वेगाच्या पायऱ्या मोठ्या आहेत. ९० आणि १०० मध्ये ९५ हवा होता, कारण परत वर चढताना तो शेवटचा टप्पाच नडतो. असिस्ट मोड वापरलेल्या फाइलवर तसा शिक्का दिसतो, मार्कशीटवरच्या एटीकेटीसारखा. अचीव्हमेंट, म्हणजे गेम देतो ती बक्षिसं, मात्र अडत नाहीत, त्यामुळे शिक्क्याचा त्रास ज्याचा त्याने ठरवावा. सुरुवातीला हा मोड चालू करताना येणारी सूचना, पहिल्यांदा याशिवायच खेळा, असा सल्ला द्यायची. २०१९ मध्ये ती बदलली आणि मूळ गेम तुम्हाला खेळताच येत नसेल तर हा अनुभव असिस्ट मोडमधूनही मिळावा, अशा अर्थाची झाली. बदल चार ओळींचा, पण मदत घेणाऱ्याला आधी खाली मान घालायला लावणं थांबलं.

हेच काम इतरांनी कसं केलंय ते पाहिलं की ‘सेलेस्ट’ची किंमत कळते. ‘कपहेड’मध्ये सिंपल मोड आहे. त्यात बऱ्याच बॉसचे, म्हणजे मोठ्या शत्रूंचे, टप्पेच कापलेले असतात, आणि जिंकूनही बॉसचा करारनामा हाती पडत नाही. शेवटच्या लढाईला करारनामे लागतात. म्हणजे सगळी बेटं हिंडून आलात तरी दारातून माघारी. सराव म्हणून ठीक, पण नावाने फसवणारा मोड आहे. ‘हेडीस’चा गॉड मोड त्याच्या उलट: लागणारा मार सुरुवातीला २० टक्के कमी, प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के, कमाल ८०. दहाचा फटका आधी आठचा, तीस मरणांनंतर दोनचा. गोष्टीतलं काहीही बंद होत नाही. अडचण एवढीच की तो फक्त सोसायची ताकद वाढवतो. हल्ला दिसायलाच उशीर होत असेल तर त्याचं औषध त्यात नाही.

‘सेकिरो’वाल्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. मार्च २०१९ मध्ये आलेल्या या गेममध्ये सोपा मोड नाही, आणि लेव्हल वाढवत बसून बॉसला रेटताही येत नाही. तलवारीवर तलवार वेळेत लागली पाहिजे, तो ठेका हाच गेम. मार कमी केला तर माणूस ठेका न शिकताच पुढे सरकेल, हे खरं. पण हा युक्तिवाद मार कमी करण्याविरुद्ध आहे, वेग कमी करण्याविरुद्ध नाही. गाणारा नवीन ठेका आधी विलंबित लयीतच बसवतो. पीसीवर लोकांनी वेग उतरवणारी मॉड्स, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेले बदल, केलीच, तीच सोय कंपनीने दिली असती तर ठेक्याला कुठं धक्का लागला असता? ‘सिफू’ फेब्रुवारी २०२२ मध्ये अवघडपणाच्या एकाच पातळीचा आला आणि मे महिन्यात तीन पातळ्यांचा होऊन बसला. ‘लाइज ऑफ पी’नेही २०२५ मध्ये तेच केलं. मूळ पातळी दोन्हीकडे जिथल्या तिथं आहे. देवगिरीची अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी वाट, शत्रूला भुलवायला खोदलेली. आज कोणी मोबाईलचा टॉर्च लावून ती पार केली म्हणून ‘तू किल्ला चढलाच नाहीस’ असं कुणी म्हणत नाही. पायऱ्या त्यालाही चढाव्याच लागतात.

घ्यायचा तर काय लागेल: गेम साधारण १.२ जीबीचा, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये उतरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, जुना आय-३ आणि २ जीबी रॅमवर चालतो. मोबाईलवर नाही, पीसी, स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आहे. सेलमध्ये किंमत बरीच उतरते, घाई करू नका. लाईट जायची वेळ माहीत असेल तर पॉज करून ‘सेव्ह अँड क्विट’ करा, परत आल्यावर त्याच स्क्रीनवर उभे असाल. घरात दोघं-तिघं खेळणार असतील तर प्रत्येकाची फाइल वेगळी ठेवा. धाकट्याच्या फाइलवर असिस्ट चालू, वेग ७० आणि अमर्याद दम. थोरल्याच्या फाइलला हात लावायचा नाही, नाहीतर शिक्क्यावरून आठवडाभर महाभारत.