लातूरची एनपीसीआयएल बॅच: फी भरायच्या आधी शिकवणार कोण ते विचारा

बरेच जण विचारू लागलेत की लातूरला ट्युशन एरियात एनपीसीआयएल भरतीची ती न्यूक्लियर पॉवरवाली बॅच चालते ती लावावी का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. क्लासचं नाव लिहीत नाही, तिथे चांगली माणसं पण आहेत आणि कोणाचं पोट मारायचं नाही मला. मी डिप्लोमा मेकॅनिकल, गाव परळी, बाबा तिथल्या थर्मल वीज केंद्रात होते, त्यामुळे शिफ्ट, ट्रिप (मशीन एकदम बंद करणं), बॉयलर हे शब्द लहानपणापासून घरातच.

आधी सरळ सांगतो. कोर्सचा पहिला भाग पाच स्टार, नंतरचा दोन. मधे क्लासचं मॅनेजमेंट बदललं आणि शिकवणारे बदलले, एवढंच कारण आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, एनपीसीआयएल म्हणजे देशातले अणुवीज प्रकल्प चालवणारी सरकारी कंपनी, आपल्या महाराष्ट्रात तारापूरला आहे. इंजिनिअरिंगवाल्यांना गेट स्कोअरवरून एक्झिक्युटिव्ह ट्रेनी, डिप्लोमा आणि बीएस्सीवाल्यांना सायंटिफिक असिस्टंटचं स्टायपेंडरी ट्रेनी (म्हणजे ट्रेनिंगमधे विद्यावेतन मिळतं), आणि बारावी सायन्सवाल्यांना प्लांट ऑपरेटर. डिप्लोमाला 60 टक्के लागतात, बारावीला 50. ट्रेनिंग डिप्लोमावाल्यांचं 18 महिने, ऑपरेटरचं 24 महिने. आपल्याकडं नीट आणि जेईईच्या मागं सगळे पळतात पण बारावीवर एवढी चांगली केंद्र सरकारची नोकरी असते हे उदगीर, अहमदपूर, गंगाखेडच्या लेकरांना कोणी सांगतच नाही. या क्लासनं ते सांगितलं, गावोगावच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन सांगितलं, त्याचं क्रेडिट त्यांना द्यायलाच पाहिजे.

परीक्षेची तयारी पण सुरुवातीला झकास होती. ऑपरेटरची प्रिलिम 50 प्रश्नांची असते, एक तास, गणित 20, सायन्स 20, जनरल 10, बरोबरला 3 मार्क आणि चुकलं की 1 कट. ती फक्त पार करायची, मेरिट लागते ॲडव्हान्स टेस्टवर, आणि शेवटी स्किल टेस्ट. हे सगळं पहिल्याच आठवड्यात फळ्यावर. आणखी एक, ऑपरेटरला उंची 160 सेंटीमीटर आणि वजन 45.5 किलो लागतं, दहावीला इंग्रजी विषय असावा लागतो, वय 24 च्या आत पाहिजे. ॲडमिशन घेतानाच काउंटरवरच्या मॅडम उंची मोजून घ्यायच्या आणि बसत नसेल तर फी घ्यायच्याच नाहीत, दुसरी परीक्षा सुचवायच्या. असं करणारा क्लास मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण बॅच खरी गाजली ती सरांमुळं. सर एका अणुवीज केंद्रावर शिफ्ट चार्ज इंजिनिअर, म्हणजे पूर्ण शिफ्टचे प्रमुख होते, रिटायर होऊन गावाकडं आले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांचं म्हणणं असं की पेपर काय, कोणी पण सोडवायला शिकवेल, तुम्ही ज्या खुर्चीत जाऊन बसणार ती खुर्ची काय असते ते आधी कळू द्या.

त्यांनी व्हाईटबोर्डवर पूर्ण कंट्रोल रूमचं पॅनल काढलं, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. एक शिफ्ट चार्ज, एक असिस्टंट शिफ्ट चार्ज, एक कंट्रोल इंजिनिअर, दोघं बाहेर जिन्यात फिल्डवर, हातात मोबाईल. शिफ्ट चार्जच्या खुर्चीत उदगीरची एक मुलगी बसवली, एकदम गरीब, वर्गात कधी बोलायची नाही. आधी ऑर्डर द्यायची प्रॅक्टिस. कंट्रोल इंजिनिअर सांगतो अमुक पंप चालू कर, फिल्डवाल्यानं तेच परत म्हणून दाखवायचं, मग यानं बरोबर आहे म्हणायचं, मगच हात लावायचा. एकानं नुसतं "हो सर" म्हणलं तर सरांनी अख्खी शिफ्ट पहिल्यापासून सुरू करायला लावली. मग त्या मुलीला म्हणाले, तुला वाटू लागलंय अणुभट्टी बंद करायला पाहिजे आणि स्टेशन डायरेक्टर, म्हणजे केंद्राचे प्रमुख, फोनवर म्हणू लागलेत की उलीसं थांब, ग्रिडला वीज पाहिजे, काय करशील. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, सर बंद करीन आणि मग फोन उचलीन. सर म्हणाले, करेक्ट, तो अधिकार तुझा आहे, त्यासाठीच तुला लायसन दिलंय. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला.

लायसनचं प्रकरण त्यांनी जेवढं समजावलं तेवढं मला कुठं वाचायला पण मिळालं नाही. आपल्याकडं एईआरबी आहे, अणुऊर्जा नियामक परिषद, 1983 ला स्थापन झालेली. कोणत्या पदाला काय शिक्षण, किती अनुभव, कोणतं ट्रेनिंग हे त्यांच्या एसजी/ओ-1 गाईडमधे लिहिलेलं असतं. नुसती डिग्री आहे म्हणून कोणी कंट्रोल रूममधे बसत नाही. लेखी परीक्षा, प्लांटमधे फिरून एकेक व्हॉल्व्ह, एकेक पंप दाखवायची चेकलिस्ट, सिम्युलेटर म्हणजे सरावाची नकली कंट्रोल रूम, शेवटी कमिटीसमोर इंटरव्ह्यू, मग लायसन, आणि ते पण 3 वर्षांचं. परत रीलायसनिंग. अमेरिकेत 6 वर्षांचं असतं पण तिथे दर तिमाहीला 8 तासांच्या 7 किंवा 12 तासांच्या 5 शिफ्ट खुर्चीत बसून केल्या नाहीत तर लायसन ॲक्टिव्ह राहत नाही. म्हणजे ऑफिसात बढती घेऊन बसलेला माणूस, अडचण आली म्हणून उद्या उठून पॅनलवर बसू शकत नाही. मला हे लई आवडलं. आपल्याकडं एवढ्या ठिकाणी अनुभव म्हणजे नुसती वर्षं मोजायची पद्धत आहे.

वरचं मॅनेजमेंट पण तसंच. स्टेशन डायरेक्टर, त्यांच्या खाली चीफ सुपरिंटेंडंट, मग ऑपरेशन, मेंटेनन्स, टेक्निकल सर्व्हिसेस, ट्रेनिंग असे एकेक सुपरिंटेंडंट. बदल्या होतात, रिटायरमेंट होते, लोक दुसऱ्या प्रोजेक्टला जातात, सगळं होतं. पण सर म्हणायचे, माणूस बदलतो, खुर्चीची अट बदलत नाही. नवा माणूस आला तर तो त्या खुर्चीला लागणाऱ्या सगळ्या पायऱ्या चढून आलेला असला पाहिजे, आणि मॅनेजर असला तरी प्लांट त्याला आतून माहिती पाहिजे.

का पाहिजे, तर त्यांनी परळीचंच उदाहरण दिलं. 2013 ला आणि परत 2015 ला पाणी नव्हतं, खडक्याचा बंधारा आटला, थर्मल बंद ठेवावं लागलं. आमच्या घरात ते दिवस चांगले आठवतात. कोळशाचा बॉयलर विझवला की विझला, थंड झाला, विषय संपला. अणुभट्टी बंद केल्या केल्या सुद्धा आत पूर्ण शक्तीच्या 6-7 टक्के उष्णता निघत राहते, हळूहळू कमी होते पण पाणी देत राहावंच लागतं. म्हणून बंद भट्टीवर पण पात्र माणूस चोवीस तास लागतो. थर्मलमधे बॉयलरवर बीओई, म्हणजे बॉयलर चालवायची परीक्षा पास झालेला इंजिनिअर लागतो हे मला बाबांमुळं माहिती होतं, पण बंद मशीनवर सुद्धा तेवढ्याच दर्जाचा माणूस का, ते त्या दिवशी कळलं.

उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राचा दिवस पण सरांनी सांगितला. 31 मार्च 1993, पहाटे साडेतीनच्या सुमाराला टर्बाईनची पाती तुटली, जनरेटरचा हायड्रोजन पेटला, आगीनं केबल जळत गेल्या आणि पूर्ण केंद्राची वीज गेली, जवळपास 17 तास. कंट्रोल रूममधे धूर भरला. भट्टी तर लोकांनी पहिल्या मिनिटाच्या आतच ट्रिप केली होती, पण पुढं पाणी कसं द्यायचं? फायर फायटिंगचे डिझेल पंप चालू करून त्याचं पाणी भट्टीची उष्णता ओढून घेणाऱ्या स्टीम जनरेटरला दिलं, आणि काही जण बॅटऱ्या घेऊन अंधारात रिॲक्टर बिल्डिंगमधे वर चढले, हातानं व्हॉल्व्ह उघडून बोरॉन सोडलं, म्हणजे भट्टी परत चालू होऊ नये. बाहेर किरणोत्सर्ग गेला नाही. सर म्हणाले, त्या वेळी पॅनल नव्हतं, दिवे नव्हते, डोक्यात जो प्लांट होता तेवढाच होता. चेकलिस्टवर सही घेण्यासाठी महिनोन्महिने फिरवतात ते यासाठी. वर्गात कोणी हलत नव्हतं.

थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात त्याच्या उलट बाजूनं सांगितला. मार्च 1979, अमेरिका, एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला आणि पॅनलवरचा दिवा मात्र बंद करायचा सिग्नल गेला एवढंच दाखवायचा, व्हॉल्व्ह खरंच बंद झाला की नाही ते नाही. ऑपरेटरांना वाटलं पाणी जास्त झालं, त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केलं आणि भट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला. चौकशीत ट्रेनिंगवर बोट ठेवलं गेलं, त्यानंतर प्रत्येक शिफ्टला एक इंजिनिअर सल्लागार आला, सिम्युलेटरचे नियम कडक झाले. आणि जपानच्या फुकुशिमाचे प्लांट मॅनेजर मासाओ योशिदा, 2011 च्या अपघातात हेड ऑफिस म्हणत होतं भट्टी थंड करायला सोडलेलं समुद्राचं पाणी थांबवा, त्यांनी वरवर हो म्हणून माणसांना चालू ठेवायला सांगितलं. ते स्वतः न्यूक्लियर इंजिनिअरिंग शिकलेले होते, पाणी थांबवल्यावर काय होईल हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती त्यांना.

हे सगळं परीक्षेत येत नाही, असं म्हणणारे पण बॅचमधे होते. खरंय, प्रिलिमला येत नाही. पण डिप्लोमाच्या भरतीत मला इंटरव्ह्यूला शिफ्टमधल्या जबाबदाऱ्यांवरच प्रश्न आले आणि मी न अडखळता बोललो.

आता दुसरा भाग. दिवाळीनंतर क्लास दुसऱ्या पार्टनरनं घेतला. नवे ॲकॅडमिक हेड आले, माणूस बोलायला गोड, पण आधी मार्केटिंग बघायचे, शिकवलेलं काहीच नाही. पंधरा दिवसांत सरांचे तास बंद. ऑफिसात विचारलं तर म्हणले सरांचं पर्सनल कारण आहे. सरांनाच फोन लावला तर म्हणाले, मला फक्त पेपर सोडवून घ्या म्हणाले, ते काम माझ्यापेक्षा तरुण पोरं चांगलं करतील, तू अभ्यास कर. एका शब्दानं वाईट बोलले नाहीत. उंची मोजणाऱ्या मॅडम पण गेल्या, आता सरसकट ॲडमिशन चालू आहे आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. 155 उंचीच्या पोराकडून पूर्ण फी घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली, त्याचे वडील औशाहून सोयाबीनचे पैसे घेऊन आले होते.

नवीन शिकवणारे दादा गणितात हुशार आहेत, शॉर्टकट छान देतात, त्यांच्यावर राग नाही माझा. पण प्लांटचा तास पण त्यांनाच दिला. ते स्लाईड वाचू लागले आणि म्हणाले स्टेशन डायरेक्टर ही प्रशासकीय पोस्ट असते, कोणताही मोठा अधिकारी तिथे बसू शकतो. उदगीरच्या त्याच मुलीनं हात वर केला आणि सरळ सांगितलं की दादा असं नसतं, एईआरबीचं गाईड बघा. ते म्हणले परीक्षेला येत नाही ते सोडा. तिथे माझा विश्वास उडाला. जी नोकरी पूर्ण पात्रतेवर उभी आहे ती शिकवायला पात्र माणूस नको, हे मला पटत नाही आणि पटणार पण नाही.

बाकी सोयी सांगतो. लायब्ररी रात्री उशिरापर्यंत चालू असते, शांतता आहे, टेस्ट सिरीज अजून पण चांगली आहे, निगेटिव्ह मार्किंगसकट रँक लगेच मिळतो. पाण्याचा फिल्टर सारखा बंद. मेस क्लासची घेऊ नका, शेजारच्या गल्लीत काकू डबा देतात, ज्वारीची भाकरी आणि पातळ भाजी, पोट भरतं.

माझा सल्ला असा. बारावीवाला असाल, गणित पक्कं असेल तर नुसती टेस्ट सिरीज घ्या, पूर्ण कोर्स नको. डिप्लोमावाला असाल तर प्लांटचा विषय कोण शिकवणार, त्यांनी स्वतः कुठं काम केलंय, ते पूर्ण कोर्सभर राहणार का, हे काउंटरवर विचारा आणि पावतीवर लिहून मागा, आढेवेढे घेतले तर उठून या. फी हप्त्यानंच भरा. उंची, वजन, वय घरीच जाहिरातीशी ताडून बघा. औंढ्याला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी शोधणारी वेधशाळा, होऊ लागलंय, ते पण अणुऊर्जा विभागाचंच काम आहे, त्यामुळे आपल्या भागात या जाहिरातींकडं बघणारी लेकरं वाढणार आणि असे क्लास पण वाढणार.

नव्या मालकांना हे वाचायला मिळालं तर एवढंच म्हणतो, सरांना आठवड्यातून एक तास तरी परत बोलवा, आणि फी घ्यायच्या आधी उंची मोजा. तोपर्यंत माझ्याकडून तीन स्टार, त्यातले दोन टेस्ट सिरीज आणि लायब्ररीचे.