उताराच्या जागेवर फ्रेम पूल: खोदायचं की भर घालायची?

फार्महाउसवर १५ फूट व्यासाचा, ४ फूट उंचीचा फ्रेम पूल (पायांच्या सांगाड्यावर कापड ताणलेला पोहण्याचा तलाव) बसवायचा आणि जागेला फूटभर उतार, ही नेहमीची अडचण. मार्ग दोन. उंच बाजू खोदून खालच्या पातळीला आणायची, नाहीतर खालच्या बाजूला मुरूम टाकून ती उचलायची. जागा दोन्हींत सपाट होते. फरक कळतो तो पूल भरल्यावर.

पहिल्या दिवशी भर सोपी वाटते. मुरमाची गाडी येते, दुपारपर्यंत काम उरकतं. खोदाईत मात्र १८ फुटांचं वर्तुळ धरलं (भोवती दीड फूट चालायला हवंच) तर दीडेक ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते आणि ती टाकायची कुठे, हा प्रश्न उरतो. वीतभर खाली कातळ लागला तर ब्रेकर आणावा लागतो. कोकणातल्या जांभ्यावर मीसुद्धा भरच सुचवेन.

पण भर बसते. पाणी भरलं की एकूण १७ टनांच्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला शंभरेक किलो वजन येतं. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस (ठोकून घट्ट करणं), एवढं केलं तरी थोडी खचतेच. प्रत्यक्षात तर बहुतेक ठिकाणी सगळा मुरूम एकदम ओतून वरून जेसीबीची बकेट दाबतात. त्यातही भर सर्वांत जाड असते ती उताराच्या कडेला, आणि पुलाचे पाय नेमके तिथेच टेकतात. ते दोन इंच खचले की पाणी त्या बाजूला चढतं, कापड फुगतं, पाय बाहेर कलतात. भरलेल्या पुलाचा पाय उचलून खाली फरशी सरकवता येत नाही. १७,००० लिटर पाणी सोडा, पूल सोडवा, पुन्हा थर घाला. ऐन मे महिन्यात टँकरने आणलेलं पाणी असं सोडून देणं मला पटेना, म्हणून मी खोदाईच्या बाजूने गेलो.

अर्धं खोदून तीच माती पुढे ओढायची, हा जेसीबीवाल्याचा आवडता तोडगा. तो टाळाच. अर्धी जमीन घट्ट, अर्धी भुसभुशीत. एकच बाजू खचणार हे ठरलेलं. भरीवर पीसीसी (साधं, सळईविना काँक्रीट) केलं तरी खालची भर बसली की त्याला तडा जातो.

खोदाईलाही खोड आहे, पावसाची. वरचं पाणी सरळ खड्ड्यात उतरतं. म्हणून कापलेल्या कडेपासून दोन फूट वर सहा इंच खोल चर काढून ती दोन्ही अंगांनी खाली वळवायची. तळ खालच्या बाजूच्या पातळीलाच ठेवला की ती बाजू उघडी राहते आणि पूल रिकामा करताना पाणीही तिथूनच जातं. काळी माती असेल तर हे गणित बिघडतं. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिथे ती काढून मुरूम भरण्यावाचून इलाज नाही.

शेवटचे तीन इंच जेसीबीने काढू नयेत, बकेटचे दाते तळ उकरतात. तेवढं फावड्याने काढायचं. कुठे जास्त खोदलं गेलं तर माती परत लोटायची नाही, क्रशरची कच (दगडाची बारीक चुरी) घालून धुम्मस करायची. प्रत्येक पायाखाली फूटभर शहाबादी फरशीचा तुकडा जमिनीशी समपातळीत गाडायचा. पातळी पाहायला गवंड्याची पाण्याची नळी लावायची. पाट्यावर ठेवलेल्या स्पिरिट लेव्हलवर १५ फुटांसाठी माझा फारसा विश्वास नाही.

पाणी तीन इंच चढलं की नळ बंद करून चारही बाजूंनी खोली मोजा. इंचभराचा फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर तेव्हाच सोडा, तोवर बाराशे लिटरच गेलेले असतात.